दुखण्यातून उठल्यावर वजन

वडिवळ्याच्या मंडळींनो, मोठ्या इस्पितळात अत्यवस्थ रोग्यांसाठी अतिदक्षता विभाग असतो. त्याला लोक आयसीयू म्हणतात. तिथून माणूस घरी आला, की आपण म्हणतो, "सुटला एकदाचा!" पण दुखणं तिथंच सरत नाही.

अशा दुखण्यात अंगावरचं मांस झपाट्यानं झडतं. लंडनच्या डॉक्टरांनी असे रोगी तपासले. १० दिवसांत मांडीचा स्नायू सुमारे सहाव्या हिश्शानं आटला होता. हे २०१३ साली छापून आलं.

कणगीत भात शिल्लक असला, म्हणजे आषाढातले अवघड दिवस निघतात. शरीराचंही तसंच आहे. फार किडकिडीत रोगी घरी आल्यावरही जास्त दगावतात, असं डॉक्टरांना आढळलं. थोडं अंग भरलेले जास्त तगतात. मग मुद्दाम लठ्ठ व्हावं काय? नाही. लठ्ठपणानं मधुमेह जडतो, हृदयावर ताण पडतो.

५ फूट उंचीच्या माणसाचं वजन ४३ किलोच्या खाली नसावं. आम्ही सांगतो, दर आठवड्याला रोग्याचं वजन वहीत लिहा. डॉक्टरांना विचारून डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे द्या. रोज थोडं चालवा. वजन घटत राहिलं, किंवा पाय सुजून एकदम वाढलं, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. सूज म्हणजे मांस नव्हे.