प्रिस्किल्लेचे घर: मिशनची तयारी करणारे कुटुंब

वाचनासाठी: प्रेषितांची कृत्ये १८:१-४ आणि १८-२६, रोमकरांस पत्र १६:३-५



‘मिशनरी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झगा घातलेले फादर किंवा सिस्टर येतात. नवरा-बायको, शाळेचे दप्तर, गॅसचा सिलिंडर आणि घरभाडे हे चित्र सहसा येत नाही. आजच्या पाठात आपण असेच एक घर पाहणार आहोत.

पहिले मिशनरी जोडपे

अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे तंबू तयार करणारे कारागीर होते. क्लौद्य कैसराने यहुद्यांना रोम सोडण्याचा हुकूम केल्यामुळे ते करिंथ शहरात आले होते. संत पौलाचा धंदाही तोच, म्हणून तो त्यांच्या घरी राहून त्यांच्याबरोबर काम करू लागला. पुढे हे जोडपे त्याच्यासोबत इफिसला गेले. तिथे अपुल्लो नावाचा विद्वान वक्ता आला. त्याचे ज्ञान अपुरे आहे हे ओळखून या दोघांनी त्याला आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. त्यांच्या घरात ख्रिस्तसभा जमत असे, असे पौल लिहितो.

एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे पतीचे नाव आधी यायला हवे; पण पौल रोमकरांना सलाम पाठवताना प्रिस्किल्लेचे नाव आधी घेतो. ती केवळ पाहुण्यांचे जेवण करणारी नव्हती. ती शिकली होती आणि शिकवतही होती.

बेंगळुरूमधील एक घर

१९६७ साली बेंगळुरूमध्ये बायबल, धर्मशिक्षण आणि उपासना यांचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. या शहरात धर्मगुरूंची प्रशिक्षणगृहे आणि मठही पुष्कळ आहेत. त्यामुळे देशभरातून लोक इथे तयारीसाठी येतात. माझ्या ओळखीचे वसईकडचे एक कुटुंब असेच एका वर्षासाठी आले होते. पती, पत्नी आणि तीन मुले. पतीने नोकरी सोडली होती. घरखर्च हितचिंतकांच्या देणग्यांवर चालत असे.

दिवस पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा. स्तोत्राचे वाचन, मग डबे, मग मुलांची शाळेची व्हॅन. त्यानंतर मिस्सा आणि दुपारपर्यंत अभ्यास: बायबल, ख्रिस्तसभेची शिकवण, समुपदेशन. सायंकाळी आजारी व एकट्या माणसांच्या घरभेटी. रात्री जेवणाआधी रोझरी. शनिवारी रात्री आठवड्याचा जमाखर्च. मी कॉमर्सचा विद्यार्थी म्हणून ती वही मला दाखवली गेली. कोथिंबिरीच्या पाच रुपयांचीही नोंद त्यात होती. देणाऱ्याने विश्वासाने दिलेल्या पैशाचा हिशेब ठेवणे ही त्यांच्या प्रशिक्षणाचीच एक बाजू होती.

भाषा हाही अभ्यासच होता. शेजारच्या आजी रोज दारातून विचारायच्या, “ऊट आय्ता?” म्हणजे, जेवण झालं का? आपल्याकडेही माणूस माणसाला हेच विचारतो. कन्नडमधले ते पहिले दोन शब्द मुले वर्गात नाही, जिन्यात शिकली. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनीही जपानी भाषा येशूसंघीय मिशनऱ्यांबरोबर काम करताना तिथल्या लोकांत राहून आत्मसात केली. पुढे तेच फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचे दुभाषी झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे हुतात्मा झाले.

जिथे तयारी अडली

सुमारे तीन महिन्यांनी पत्नी अभ्यासवर्गाला येईनाशी झाली. आठवडाभर कुणीच काही विचारले नाही. पती मात्र नियमित येत होते आणि टिपणेही छान काढत होते. शेवटी वर्ग घेणाऱ्या सिस्टरांनी त्यांना विचारले, “आज तुमच्या घरी भांडी कुणी घासली?”

ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी पत्नीला कारण विचारले. ती म्हणाली, “तुम्ही मिशनरी होताय. मी फक्त गाव बदललंय.”

त्या वाक्याने त्यांची झोप उडाली. नोकरी सोडताना त्यांना वाटले होते की आपण सर्व काही प्रभूला दिले. पण घरातला पूर्वीचा वाटा त्यांनी सोडलाच नव्हता: प्रार्थनेचे नेतृत्व त्यांचे आणि ओटा तिचा. दुसऱ्या दिवसापासून आठवड्यातले तीन दिवस डबे आणि भांडी त्यांनी घेतली. त्यांच्या पोळ्या जाड व्हायच्या, मुले कुरकुर करायची. पण पत्नी वर्गात परत आली. वर्षाच्या शेवटी त्या भागातील स्त्रियांसाठी पवित्र शास्त्राचा पहिला अभ्यास तिनेच घेतला. अपुल्लोला शिकवणारी प्रिस्किल्ला त्या घरात होतीच; तिला फक्त वेळ मिळत नव्हता.

संतांचे उदाहरण

फ्रान्समधील आलांसाँ येथील लुई आणि झेली मार्टिन यांचा विवाह १८५८ साली झाला. लुई घड्याळे दुरुस्त करीत, झेली लेस विणण्याचा व्यवसाय चालवीत. तिचे काम वाढले तेव्हा लुई यांनी आपले दुकान सोडून तिच्या व्यवसायाला हातभार लावला. त्यांच्या नऊ अपत्यांपैकी चार लहानपणीच वारली. आपला एक मुलगा मिशनरी धर्मगुरू व्हावा ही त्यांची इच्छा होती. दोन्ही मुलगे तान्हेपणीच गेले. त्यांची धाकटी मुलगी तेरेजा मठात गेली आणि तिथून कधी बाहेर पडली नाही. तरी १९२७ साली ख्रिस्तसभेने तिलाच मिशनकार्याची आश्रयदाती घोषित केले. लुई आणि झेली यांना २०१५ साली एकत्र संतपद मिळाले.

आपल्यासाठी बोध

१९८१ साली कुटुंबाविषयी लिहिताना पोप दुसरे जॉन पॉल यांनी अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांची आठवण दिली. घरातच कुणाचा विश्वास मंद झाला असेल, तर ते घरही मिशनचे क्षेत्र आहे, असेही त्यांनी शिकवले. म्हणून दूरच्या गावाची वाट पाहण्याची गरज नाही. जो घरच्या माणसाचा थकवा पाहू शकत नाही, त्याला परक्याचे दुःख कसे दिसेल?

मनन व चर्चेसाठी

१. आपल्या घरात प्रार्थनेसाठी कुणाला वेळ मिळतो आणि कुणाला मिळत नाही? का?
२. सेवेच्या नावाखाली मी घरातले कोणते काम टाळतो?
३. माझ्या शेजाऱ्याच्या भाषेतले किती शब्द मला येतात?

या आठवड्याचा संकल्प

घरातील एका व्यक्तीचे रोजचे एक काम सात दिवस आपण करू या आणि तो वेळ त्या व्यक्तीला प्रार्थनेसाठी, वाचनासाठी किंवा नुसत्या विश्रांतीसाठी देऊ या.

प्रार्थना

हे प्रभू येशू, नाझरेथच्या घरात तू तीस वर्षे राहिलास आणि हातांनी काम केलेस. आमच्या स्वयंपाकघरात, हिशेबाच्या वहीत आणि थकलेल्या संध्याकाळी तू ये. आम्हाला एकमेकांची सेवा करायला शिकव, मग हवे तिथे पाठव. आमेन.