पाठीच्या बाकाचं ऑपरेशन : भीती किती, धोका किती?

सख्यांनो, दहा ते पंधरा वर्षांच्या वयात मुली भराभर उंच होतात. त्याच काळात काही मुलींचा मणका एका बाजूला झुकायला लागतो. एक खांदा वर दिसतो, कुर्ता एका बाजूला ओढल्यासारखा बसतो. डॉक्टर याला स्कोलिओसिस म्हणतात. बहुतेक वेळा कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने हे होत नाही, आणि आईने काही कमी केलं म्हणूनही नाही.

घरी बघायचं असेल तर मुलीला पाय जोडून, गुडघे ताठ ठेवून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. बरगड्या एका बाजूला उंच दिसल्या तर एक्स-रे काढून घ्या. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही दाखवता येतं. मालिश करून किंवा हाडं बसवून हा बाक सरळ होत नाही, फक्त महिने वाया जातात.

एक्स-रेवर बाक अंशांत मोजतात. 25 अंशांच्या आत असेल तर नुसतं लक्ष ठेवतात. त्यापुढे वाढीच्या वयात पट्टा देतात, तो दिवसातले बहुतेक तास घालावा लागतो. साधारण 45-50 अंशांपुढे ऑपरेशनचा विचार होतो, कारण एवढा बाक उंची वाढायची थांबल्यावरही हळूहळू वाढतच राहतो. फार वाढला तर फुप्फुसांना जागा कमी पडते, दम लागतो.

ऑपरेशनमध्ये मणक्यांत स्क्रू घालून दोन सळ्या बसवतात. वर हाडाचे बारीक तुकडे टाकतात. मोडलेलं हाड जुळतं तसे ते मणके एकमेकांत जुळतात. तेवढा भाग मग कायमचा ताठ राहतो.

सगळ्यांच्या मनात एकच भीती असते, "पोरगी लुळी पडली तर?" धोका खोटा नाही, पण एरवी निरोगी असलेल्या मुलींमध्ये मज्जातंतूंना इजा होण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे. ऑपरेशन चालू असतानाच नसांचे संदेश यंत्रावर तपासतात, गडबड दिसली की तिथेच थांबून दुरुस्ती करता येते. हे यंत्र तुमच्या दवाखान्यात आहे का, हा प्रश्न लाजू नका, विचाराच. जन्मापासून मणक्यात दोष असेल, स्नायूंचा आजार असेल किंवा बाक फारच मोठा असेल, तर धोका वाढतो. जखमेत जंतुसंसर्ग, जास्त रक्त जाणं, स्क्रू सैल होणं, हाड न जुळणं, त्यामुळे पुन्हा ऑपरेशन करावं लागणं, याबद्दलही बोलून घ्या. असली ऑपरेशनं ते वर्षाला किती करतात, हेही विचारा.

हे ऑपरेशन सहसा आज-उद्याच्या घाईचं नसतं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला वेळ असतो. पण वर्षानुवर्षं टाळलं तर बाक कडक होतो आणि काम अवघड होतं. गटातून कर्ज उचलण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत मुलीला उभं करतात. हंडे, लाकडं, मोळ्या मात्र डॉक्टर सांगतील तोवर, म्हणजे काही महिने, उचलायच्या नाहीत. ताप आला, जखमेतून पाणी आलं, पायात जोर कमी झाला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आणि लग्नाचं. अशा मुलींना दिवस राहतात, बाळंतपणही होतं. फक्त कमरेत भूल द्यायची वेळ आली तर अडचण येऊ शकते, म्हणून जुना एक्स-रे आणि कागद जपून ठेवा आणि नाव नोंदवतानाच डॉक्टरांना दाखवा.