प्रौढपणी कलनाचे पुनरध्ययन : बोरीवलीतील एका अनुभवावरून काही सावध सूचना

बदलत्या राशींचा बदलण्याचा दर आणि त्या लहानलहान बदलांची एकत्रित बेरीज या दोन गोष्टींचा विचार करणारी गणिताची शाखा म्हणजे कलन. तिच्या पहिल्या भागास अवकलन व दुसऱ्यास समाकलन म्हणतात, आणि क्लासांच्या बोलीत हीच दोन अंगे डिफरन्शिएशन व इंटिग्रेशन म्हणून ओळखली जातात. महाराष्ट्रातील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला हा विषय प्रथम भेटतो तो अकरावीच्या शेवटच्या प्रकरणांत. बारावीच्या पाठ्यपुस्तकाचा दुसरा भाग बहुतांशी त्यानेच व्यापलेला असतो, आणि पुढे अभियांत्रिकीकडे किंवा गणिताकडे न जाणाऱ्याचा त्याच्याशी संबंध तेथेच संपला असे सर्वजण धरून चालतात. अलीकडे मात्र हे गृहीत टिकेनासे झाले आहे. बँका, विमा कंपन्या आणि विदाविश्लेषण करणाऱ्या संस्था यांतील कामात कलन लागते, २०२४ पासून गेट परीक्षेत समाविष्ट झालेल्या डेटा सायन्स व कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयाच्या अभ्यासक्रमात त्याला स्वतंत्र स्थान आहे, आणि त्यामुळे चाळिशी गाठलेले नोकरदारही पुन्हा वही उघडून बसू लागले आहेत. प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक असून पुढील विवेचन त्याच्या अनुभवावर आधारलेले आहे. त्यात कोठे कटुता जाणवली तर ती अकारण नाही, एवढे आरंभीच नमूद करणे इष्ट.

बोरीवली पश्चिमेस स्टेशनच्या परिसरात खासगी शिकवण्यांची कमतरता नाही, परंतु ही सारी व्यवस्था सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसाठी आणि तीही विशिष्ट परीक्षांसाठी उभी राहिलेली आहे, हे जाहिरातींवरून लक्षात येत नाही. अभियांत्रिकी प्रवेशाच्या एमएचटी-सीईटी परीक्षेत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नास दोन मिनिटेही मिळत नाहीत, आणि चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत; अशा परीक्षेसाठी दिलेले चार पर्याय उलट घालून पाहणे, सूत्रांचे तक्ते पाठ करणे आणि ज्यांना तेथे ‘ट्रिक’ म्हणतात त्या युक्त्या घोटणे हे व्यवहार्यच आहे, व ते करणाऱ्या मुलांना दोष देता येणार नाही. दोष आहे तो तीच सामग्री प्रौढ विद्यार्थ्यास वेगळ्या नावाने विकणाऱ्यांचा.

ज्या क्लासमध्ये लेखकाने प्रवेश घेतला त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही. नोकरदारांसाठी रात्रीची स्वतंत्र बॅच, पायापासून शिकवणे आणि प्रत्येक शंकेचे समाधान, अशी तीन आश्वासने डेमो लेक्चरनंतर देण्यात आली आणि फी एकरकमी घेण्यात आली. पुढे पुरेसे प्रवेश झाले नाहीत या सबबीवर ती बॅच भरलीच नाही आणि लेखकास सीईटी पुन्हा देणाऱ्या रिपीटर मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसविण्यात आले. मुले सौजन्याने वागली, हे नोंदवले पाहिजे. चालकांविषयी तसे म्हणता येत नाही.

पहिला खटका सीमा या प्रकरणात उडाला. सीमा म्हणजे एखादी राशी एखाद्या मूल्याच्या हवी तितकी जवळ जात असता तिच्यावर अवलंबून असणारी राशी ज्या मूल्याकडे झुकते ते मूल्य. आणि क्ष हा कोन शून्याकडे जाताना साइन क्ष भागिले क्ष हे गुणोत्तर १ कडे जाते, ही त्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची सीमा होय. क्लासमध्ये ती लोपितालच्या नियमाने, म्हणजे अंश व छेद या दोहोंचे वेगवेगळे अवकलन करून, दोन ओळींत सिद्ध करून दाखविण्यात आली. यातील दोष असा की साइनचे अवकलन कोसाइन येते हेच मुळी या सीमेच्या आधारे सिद्ध केले जाते, त्यामुळे ज्याची सिद्धता द्यायची तेच गृहीत धरल्यासारखे होते; खरी सिद्धता वर्तुळातील त्रिकोण आणि वर्तुळपाकळी यांच्या क्षेत्रफळांची तुलना करून द्यावी लागते. हे विचारले असता बोर्डाला सिद्धता विचारत नाहीत, असे उत्तर मिळाले. त्याच तासाला एका मुलाच्या कॅल्क्युलेटरवर ०.०१ या कोनासाठी हेच गुणोत्तर १ ऐवजी ०.०१७४५ आले आणि त्याला नवे कॅल्क्युलेटर घेण्याचा सल्ला देण्यात आला. वास्तविक यंत्र अंशांच्या मापावर लावलेले होते. वर्तुळाच्या त्रिज्येएवढ्या लांबीचा कंस केंद्राशी जो कोन करतो तो एकक मानणाऱ्या रेडियन या मापात तेच गुणोत्तर ०.९९९९८ येते, आणि कलनात रेडियनच का वापरतात याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. ते हातचे घालविले गेले.

तरीही या प्रकारास घाई किंवा आळस म्हणून सोडून देता आले असते. निर्णायक ठरला तो समाकलनाचा एक प्रश्न. निश्चित समाकलन म्हणजे दोन ठरावीक टोकांमध्ये वक्राखाली सापडणारे क्षेत्रफळ, आणि कलनाचे मूलभूत प्रमेय असे सांगते की ज्या फलनाचे अवकलन केले असता दिलेले फलन मिळते असे दुसरे फलन सापडले, तर त्याच्या दोन टोकांच्या मूल्यांतील वजाबाकी हेच ते क्षेत्रफळ होय. लेखकाने घरी सरावासाठी १ भागिले क्ष वर्ग हे फलन उणे १ ते १ या टोकांमध्ये घेतले. तक्त्यातील सूत्राप्रमाणे असे दुसरे फलन, म्हणजे प्रतिअवकलज, उणे १ भागिले क्ष, त्यात टोके घातली आणि उत्तर आले उणे २. कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो, म्हणून हा वक्र सर्वत्र अक्षाच्या वरच राहतो. मग त्याच्याखालचे क्षेत्रफळ ऋण कसे? आकडेमोड पुनःपुन्हा तपासली तरी तीत दोष नव्हता. दोष होता तो न सांगितलेल्या अटीत : मूलभूत प्रमेय लागू पडण्यासाठी फलन त्या संपूर्ण टप्प्यात संतत, म्हणजे कोठेही न तुटणारे, असावे लागते, आणि हे फलन शून्यापाशी अमर्याद वाढते, म्हणून हे समाकलन सांत किमतीचे नाहीच. तक्त्यावर अट छापलेली नव्हती, फळ्यावर लिहिली गेली नव्हती आणि तोंडीही कोणी उच्चारली नव्हती.

हा प्रश्न घेऊन लेखक तासानंतर थांबला असता शिकविणाऱ्यांनी वही पाहिली, क्षणभर उणे २ कडे पाहिले आणि असा प्रश्न येत नाही, असे सांगून वही परत केली. अट सांगण्यास एक वाक्य पुरले असते. ते वाक्य त्यांना ठाऊक नव्हते की सांगण्याची गरज वाटली नाही, याचा निर्णय करता आलेला नाही आणि दोहोंपैकी कोणताही पर्याय त्यांच्या बाजूचा नाही. परंतु त्या क्षणी एवढे स्पष्ट झाले की येथे गणित शिकविले जात नसून चार पर्यायांतील एक निवडणे शिकविले जाते. पुढे फी परत मागितली तेव्हा पावतीच्या मागील बारीक अक्षरांकडे बोट दाखविण्यात आले, आणि मोठ्या वयात गणित डोक्यात शिरत नाही, सरांचा गैरसमज झाला, असे चालकांनी लेखकाविषयी इतरांसमक्ष म्हटले. ज्या वयाने उणे २ मधील विसंगती हेरली त्याच वयाला अकार्यक्षम ठरविणे हे जरा अधिकच झाले.

वयाचा मुद्दा म्हणूनच नीट तपासला पाहिजे. अनेक वर्षांनी परतणाऱ्यास अडवते ते सहसा कलन नसते, तर त्याखालचे बीजगणित असते. दोन संख्यांच्या बेरजेचे वर्गमूळ हे त्यांच्या वर्गमुळांच्या बेरजेइतके धरणे, बेरजेच्या लॉगॅरिदमचे तुकडे करणे, अपूर्णांकात बेरजेतील पदच छेदाशी खोडणे, उणे किंवा अपूर्णांकी घातांक चुकीचा उतरविणे, या चार जागी बहुतेक उत्तरे बिघडतात आणि दोष मात्र अवकलनाच्या माथी येतो. म्हणून प्रत्येक चुकलेल्या उदाहरणापुढे चूक बीजगणिताची, त्रिकोणमितीची की खरोखर कलनाची, हे वहीत लिहावे; थोड्याच काळात आपली दुखरी जागा कोणती ते कळते. क्लासमध्ये जाण्यापूर्वी नववी-दहावीची बीजगणिताची पुस्तके आणि अकरावीचा दुसरा भाग वाचून काढावा. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, आणि ज्यांच्यासाठी पाच आकडी फी मोजावी लागते त्या नोट्सचा बराच भाग त्यांतूनच उचललेला असतो.

संकल्पनेसाठी मात्र वेगळी वाट धरावी लागते. बोरीवली ते चर्चगेट हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर असून धिमी लोकल ते कापण्यास तासाहून किंचित अधिक वेळ घेते, म्हणजे तिचा सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास पडतो; परंतु कांदिवलीला थांबलेल्या गाडीचा वेग शून्य असतो आणि पुढच्या दोन स्थानकांमध्ये तो सरासरीच्या बराच वर जातो. एखाद्या क्षणीचा वेग म्हणजे त्या क्षणाभोवतीचा कालखंड लहान लहान करीत नेला असता सरासरी वेग ज्या मूल्याकडे जातो ते मूल्य, आणि अवकलज म्हणजे हेच. प्रवासात कोठेतरी गाडीचा तात्क्षणिक वेग नेमका सरासरीइतका झालाच पाहिजे, हे बारावीच्या पुस्तकातील लाग्रांजचे मध्यमूल्य प्रमेय. ते पाठ करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते रोजच्या गाडीशी जोडले असेल, याविषयी शंका आहे. हा विचार येथे परका नाही. इ.स. ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणि हा ग्रंथ रचणाऱ्या भास्कराचार्यांनी, ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात आहे, चंद्राची गती क्षणोक्षणी बदलत असल्याने दिवसाच्या सरासरी गतीवर न विसंबता तात्कालिक गती घ्यावी असे सांगितले, आणि ज्येतील, म्हणजे साइनमधील, सूक्ष्म बदल कोटिज्येच्या, म्हणजे कोसाइनच्या, प्रमाणात असतो हेही त्यांनी वापरले. आपणही कॅल्क्युलेटर रेडियनवर लावून साइनच्या किमतींचे कोष्टक करावे, लगतच्या किमतींची वजाबाकी करून तिला कोनातील फरकाने भागावे आणि शेजारी कोसाइनची किंमत लिहावी. सूत्र डोळ्यांसमोर उभे राहते आणि पुन्हा विसरत नाही.

सिल्व्हेनस थॉम्प्सन यांचे १९१० मधील ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ हे पुस्तक सुरुवातीस उपयुक्त आहे, परंतु ते सीमेची व्याख्या हेतुपुरस्सर टाळते, त्यामुळे वर सांगितलेल्या उणे २ सारख्या खड्ड्यांपासून ते वाचवीत नाही. आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमातील व्याख्याने उत्तम आहेत, मात्र बीजगणित ताजे असल्याचे ती धरून चालतात. सराव नियमित असावा, झोप पुरेशी घ्यावी, घरच्यांना वेळापत्रक सांगून ठेवावे, इत्यादी गोष्टी सर्वज्ञात आहेत.

क्लास लावायचाच असेल तर डेमो लेक्चरमध्ये दोन प्रश्न विचारावेत : साइन क्ष भागिले क्ष ही सीमा लोपितालचा नियम न वापरता दाखवा, आणि १ भागिले क्ष वर्ग याचे उणे १ ते १ समाकलन किती? उत्तर लगेच न आले तरी हरकत नाही, पण हे परीक्षेत येत नाही असे उत्तर आले तर उठावे. बॅचची वेळ, विद्यार्थ्यांची कमाल संख्या आणि ती बॅच न भरल्यास काय, हे पावतीवरच लिहून घ्यावे, तोंडी शब्दावर राहू नये. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या असून पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच अभ्यासक्रम सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असे त्यांत म्हटले आहे. त्यांची अंमलबजावणी राज्यांवर सोपविलेली असल्याने चालकांना त्यांचा विसर पडणे सोयीचे जाते, म्हणून त्यांची छापील प्रत प्रवेशाच्या वेळीच टेबलावर ठेवावी. हप्त्यांनी फी देण्यास नकार देणाऱ्या ठिकाणी प्रवेश घेऊच नये.

ज्यांना विदाविश्लेषणासाठी कलन हवे आहे त्यांनी साखळी नियमावर, म्हणजे एका फलनात दुसरे फलन गुंतलेले असता अवकलन करण्याच्या नियमावर, इतर सर्व प्रकरणांपेक्षा अधिक वेळ द्यावा. १ भागिले (१ अधिक ई चा उणे क्ष घात) या लॉजिस्टिक फलनाची किंमत य मानली तर त्याचे अवकलज य गुणिले (१ उणे य) इतके येते. हे कागदावर न अडता काढता येईपर्यंत पुढे सरकू नये, कारण कर्ज बुडण्याची शक्यता वर्तविणारी कित्येक प्रतिमाने याच फलनावर उभी असतात. त्यानंतर अनेक चलांचे कलन लागते, ज्यात एक चल बदलू देऊन बाकीचे स्थिर धरले जातात आणि मिळणाऱ्या दरास आंशिक अवकलज म्हणतात. हा भाग बारावीच्या पुस्तकात नाही, सीईटीच्या तक्त्यातही नाही, आणि त्या क्लासने तो शिकविण्याचे आश्वासनही लेखकास दिले होते.