दमट घर आणि डीह्युमिडिफायर : इंग्लंडात नव्याने आलेल्यांसाठी

इंग्लंडात नव्याने संसार मांडणाऱ्या मंडळींसाठी येथे स्थिरावलेल्या कुटुंबांकडून आम्ही टिपणे मागविली होती. त्यांपैकी डीह्युमिडिफायरविषयीची बहुतांशी लेखकांच्याच शब्दांत देत आहोत; कोठे तपशील दाटला आहे, कोठे संताप, आणि दोहोंना कात्री लावण्याचा मोह आम्ही आवरला आहे.

लीड्सहून, एक अभियंता

यंत्रे दोन जातींची. कॉम्प्रेसरच्या यंत्रात थंड नळ्यांवर हवेतील बाष्पाचे पाणी होते. झिओलाइटच्या यंत्रात ते प्रथम शोषले जाते व मग उष्णतेने सोडविले जाते. उबदार घरात पहिले किफायतीचे. परंतु खोलीचे तापमान 15 अंशांखाली उतरले की त्याची शक्ती घटते, नळ्यांवर बर्फ धरतो आणि तो वितळविण्यातच त्याचा वेळ जातो. थंड गॅरेजसाठी दुसरे घ्यावे. वीज अधिक खाते, पण थंडीला जुमानत नाही.

निगा अशी. हात लावण्यापूर्वी प्लग काढावा. दर पंधरवड्यास मागची जाळी काढून धूळ व्हॅक्यूमने ओढावी. धुतल्यास पूर्ण वाळल्यावाचून बसवू नये. टाकी रोज रिकामी करावी व आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुवावी. धुताना आतला फ्लोट काढू नये. तो जागचा हलला की यंत्र चालत नाही आणि माणूस नाहक दुरुस्तीवाल्याच्या दारी जातो. आर्द्रता 50 ते 55 टक्क्यांवर ठेवावी. 40 च्या खाली नेणे हा विजेचा अपव्यय होय. यंत्र भिंतीपासून वीतभर दूर असावे, खिडक्या बंद असाव्यात, एक्स्टेन्शनवर ते जोडू नये. आडवे करून आणलेले कॉम्प्रेसरचे यंत्र एक दिवस उभे ठेवून मगच सुरू करावे, म्हणजे आतले तेल ठिकाणी येते. नव्या यंत्रांत बहुधा प्रोपेन असतो. तो ज्वालाग्राही आहे, तेव्हा नळ्यांवरील बर्फ सुरीने खरवडू नये. टाकीतले पाणी पिण्याजोगे नसते, संडासात ओतावे.

बर्मिंगहॅमहून, एक गृहिणी

आमच्या भिंतीवर काळी बुरशी आली तेव्हा घराच्या दलालाने पाठविलेल्या पत्रात सारा दोष आमच्या कुकरच्या वाफेचा व घरात वाळत घातलेल्या कपड्यांचा ठरवून, डीह्युमिडिफायर विकत घ्यावा असा जणू हुकूमच फर्माविला. तो घेतला, अहोरात्र चालविला, टाकीमागून टाकी ओतली, तरी पलंगामागचा एक कोपरा ओला तो ओलाच. मग अर्जांवर अर्ज. प्रत्येक अर्जाची पोच निराळ्या कारकुनाकडून, आणि प्रत्येक कारकुनाला हकिकत मुळापासून ऐकवायची! अखेर कौन्सिलच्या पर्यावरण-आरोग्य खात्याचा निरीक्षक आला आणि छपराचे तुंबलेले पन्हळ दाखवून मोकळा झाला. पावसाचे पाणी भिंतीत मुरत होते. दलालाने पन्हळ साफ करविले. दिलगिरीचा शब्द मात्र आजतागायत आलेला नाही.

खिडक्यांच्या काचांवर व कपाटांमागे सर्वत्र ओल दिसत असेल तर ती बहुधा घरातल्या वाफेची; एकाच जागी आणि पावसानंतर वाढत असेल तर ती भिंतीची, व तिच्यापुढे यंत्राचे काही चालत नाही. आर्द्रतामापकाचे आकडे तारखेनिशी टिपून ठेवावेत, छायाचित्रे जपावीत, तक्रार लेखीच करावी. घरांच्या निवासयोग्यतेविषयीचा 2018 चा कायदा इंग्लंडातील भाडेकरूस अशा घराबद्दल न्यायालयात जाण्याची मुभा देतो. रॉचडेल येथे 2020 साली बुरशीने भरलेल्या घरात राहणारे दोन वर्षांचे बालक दगावले; त्याच्या, म्हणजे अवाबच्या, नावाचा कायदा ऑक्टोबर 2025 पासून प्रथम सामाजिक गृहसंस्थांच्या घरांना लागू झाला असून त्यात घरमालकास दुरुस्तीची मुदत बांधून दिली आहे.

हॅरोहून, एक ज्येष्ठ गृहस्थ

यंत्र प्रथम देवघराच्या व वाद्यांच्या खोलीत ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते, पेटीचे स्वर अडकतात, पैठणीला बुरशीचा वास धरतो. आणि अतिशुष्क हवेत मिरजेहून जिवापाड जपून आणलेल्या तंबोऱ्याच्या भोपळ्यास तडा जाण्याचे भय असते. पण ज्या घरात तबला गॅरेजमधल्या खोक्यात पडून आहे, तेथे आर्द्रता मोजून काय उपयोग? आठवड्यातून एकदा तरी मुलांना तो वाजवू द्यावा, आणि शेजाऱ्यांच्या भीतीने फोडणी सोडू नये. एक्झॉस्ट पंखा कशासाठी असतो?

(लीड्सच्या अभियंत्यांना हे मान्य नाही, कपडे जेथे वाळतात तेथेच यंत्र हवे, असा त्यांचा आग्रह आहे.)

वीजबिलाविषयी एका विद्यार्थ्याने एवढेच कळविले की 200 वॉटचे यंत्र पाच तास सतत चालले की एक युनिट होते. मोडके यंत्र घरच्या कचऱ्यात टाकू नये; कौन्सिलच्या पुनर्वापर केंद्रात घेतात.