बुरशीची नोंद

मुलांनो, पावसाळ्यात शेताच्या बांधावर किंवा कुजलेल्या लाकडावर उगवलेली भूछत्रे तुम्ही पाहिलीच असतील. शिळ्या भाकरीवर येणारी बुरशीही त्यांच्याच जातकुळीची. या साऱ्यांना शास्त्रात ‘कवक’ म्हणतात.

कल्पना करा, बालाजीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या देऊळगाव राजा येथील एका शाळेतील मुले कवकांवर मराठी विकिपीडियासाठी नोंदी लिहीत आहेत. संगणकावर वाचावयाचा हा ज्ञानकोश २००३ साली सुरू झाला. त्यात कोणालाही लिहिता येते. म्हणून गुरुजींनी एक नियम घातला : प्रत्येकाची नोंद दुसऱ्याने तपासावी, मगच ती पुढे जावी.

एका मुलाने लिहिले, “कवक ही हिरवा रंग नसलेली वनस्पती होय.” त्याची नोंद तपासणारी मुलगी म्हणाली, “पूर्वी तसे मानीत. पण कवके वनस्पतींसारखे स्वतःचे अन्न तयार करीत नाहीत. १९६९ साली व्हिटेकर या शास्त्रज्ञाने सजीवांचे पाच गट केले, तेव्हा कवकांना स्वतंत्र स्थान दिले.”

पुढचे वाक्य होते, “विषारी भूछत्र शिजवले की त्याचे विष जाते.”

“हे कोठे वाचलेस?” तिने विचारले.

“वाचले नाही, ऐकले आहे.”

दोघांनी ग्रंथालयातील पुस्तके उघडली. काही भूछत्रांचे विष शिजवूनही नष्ट होत नाही आणि त्याने माणूस दगावू शकतो, असे त्यांत स्पष्ट लिहिले होते. मुलाचा चेहरा उतरला. “माझ्या वाक्यावर विसंबून कोणी ते खाल्ले असते तर?” तो हळूच म्हणाला. त्याने वाक्य खोडले, खरी माहिती लिहिली आणि खाली ग्रंथाचे नाव दिले.

मग त्याने तिची नोंद हाती घेतली. ‘कवकापासून मिळणाऱ्या पेनिसिलिनचा शोध १९४५ साली लागला,’ असे तिने लिहिले होते. ते तर फ्लेमिंग यांना नोबेल पारितोषिक मिळाल्याचे वर्ष! शोध १९२८ सालचा. तिने हसून आकडा सुधारला.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड सिद्ध केले, तेही अनेकांच्या साहाय्याने. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली तयार झालेल्या ‘मराठी विश्वकोशा’चा पहिला खंड १९७६ साली निघाला, त्यामागेही अनेक जाणकारांचे श्रम होते. ज्ञानकोशातील वाक्य वाचक खरे मानून चालतो. म्हणून चूक दाखविणाऱ्या सोबत्याचा राग मानू नये. त्याचे आभार मानावेत.

स्वाध्याय
१. गुरुजींनी कोणता नियम घातला? का?
२. मुलाचा चेहरा का उतरला?
३. तुमच्या गावातील एखाद्या वस्तूवर पाच वाक्ये लिहा व ती मित्राकडून तपासून घ्या.