भूक आणि ताप

पोषणाचा प्रतिकारशक्तीवर काय परिणाम होतो, हे शोधण्यात माझी सारी नोकरी सरली. निम्मी प्रयोगशाळेत, निम्मी मेळघाटातल्या अंगणवाड्यांत. या वाटेने येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे चार शब्द.

१. वजनाआधी दुखणं विचारा.
मूल खंगलेलं दिसलं, दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरला, की आपण आईला पहिलं विचारतो, "खायला काय घालता?" पावसाळ्यात धारणी-चिखलदऱ्याकडे फिरलं की कळतं, गेल्या महिन्यात हगवण किती वेळा लागली हा प्रश्नही तितकाच मोठा आहे. जुलाबात भूक मरते, खाल्लेलं अंगी लागत नाही. ताप आला की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खर्च भागवतं. ज्या थायमस ग्रंथीत जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी परिपक्व होतात, ती कुपोषणात आक्रसते. मग पुढचं दुखणं लवकर येतं आणि लांबतं. स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात हे चक्र मांडलं. ते वाचल्याशिवाय गावात पाऊल ठेवू नये, असं माझं मत आहे.

२. चांगल्या गोष्टीचीही परीक्षा घ्या.
रक्त कमी आहे, मग लोह द्या. यात वावगं काय? टांझानियातल्या पेम्बा बेटावर मलेरिया बारमाही होता. तिथे लहान मुलांना लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड देऊन पाहिलं, तर त्या मुलांमध्ये गंभीर आजारपणं आणि मृत्यू वाढले. प्रयोगाचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला हा निबंध मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या हाती आधी ठेवते.

कारण समजून घ्या. लोह जंतूंनाही हवं असतं. म्हणून संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि शरीर लोह दडवून ठेवतं. मलेरियाचा बंदोबस्त असेल तिथे रक्तक्षयाच्या मुलाला लोह द्यायलाच हवं. पण आधी बंदोबस्त बघा. आणि लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनचा आकडा एकटा कधीच वाचू नका. तापात तो चढतो, त्यामुळे साठा संपत आलेलं मूल अहवालात ठणठणीत दिसतं. सोबत शरीरातला दाह दाखवणारं सीआरपी हवंच.

३. नळीचं बूच बघा.
रक्तातलं जस्त मोजताना साध्या रबरी बुचातलं जस्तही नमुन्यात उतरतं. जेवणानंतर पातळी घसरते, म्हणून नमुना घेतल्याची वेळ लिहा.

४. 'इम्युनिटी बूस्टर' विचारणाऱ्याला टाळू नका.
करोनाच्या दिवसांत नातेवाईक, शेजारी, रिक्षावाले, सगळे हेच विचारत. शांतपणे सांगा: उणीव असेल तिथे पोषक द्रव्य फार मोठं काम करतं. जुलाब झालेल्या सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम जस्त १० ते १४ दिवस दिलं, की आजार लवकर आटोपतो. पण पोटभर चौरस जेवणाऱ्याला गोळ्यांनी जास्तीची ताकद मिळते, असा भक्कम पुरावा नाही. शिवाय प्रतिकारशक्ती भडकली की तीच दमा आणि संधिवात मागे लावते.

५. धान्याला औषधाचा मान द्या.
झारखंडमधला 'रेशन्स' प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयरोग्यांच्या घरच्यांना सहा महिने शिधा दिला: मोठ्या माणसाला दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वं. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. हे वाचलं त्या दिवशी मी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना बोलावून त्यातला निकालांचा तक्ता दाखवला. टी-पेशींवर आयुष्य घालवलेल्या माणसाला डाळ-तांदळाने असं उत्तर द्यावं, याचा मला अतोनात आनंद झाला. म्हणून उद्या तुम्ही प्रकल्पासाठी निधी मागाल, तेव्हा शिध्याची रक्कम 'इतर खर्चा'त घालू नका. यंत्रांच्याही वर, पहिल्या ओळीत लिहा, आणि परीक्षक समितीने कापायला घेतली तर त्या रकमेसाठी भांडा.