घरातील बिनतारी राउटर : निवड, मांडणी व पर्यायी फर्मवेअर

मुचकुंदी नदी समुद्रास मिळते तेथे टेकडीवर पूर्णगडचा लहानसा किल्ला आहे. त्याचा विस्तार मोठा नाही. परंतु खाडीचे मुख आणि समुद्र ही दोन्ही तेथून एकाच वेळी दृष्टिपथात येतात. त्या किल्ल्याचे महत्त्व आकारात नसून जागेच्या निवडीत आहे. घरातील बिनतारी राउटरलाही हेच तत्त्व लागू पडते.

शाळेची यू-डायसची माहिती, विद्यार्थ्यांच्या नोंदी, वरिष्ठ कार्यालयास पाठवावयाची पत्रके ही कामे पुष्कळ शिक्षक रात्री घरी बसून करतात. ती सारी माहिती राउटरमधून जाते. म्हणून या यंत्राची निवड हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. पालकांनी विश्वासाने सोपविलेल्या माहितीच्या रक्षणाचाही तो प्रश्न आहे.

१. तरंगांचा स्वभाव

घरगुती राउटर प्रामुख्याने दोन पट्ट्यांत काम करतो. २.४ गिगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते, तर ५ गिगाहर्ट्झच्या तरंगाची सुमारे ६ सेंटिमीटर. पहिला भिंतीतून त्या मानाने बरा जातो, पण त्याचा वेग कमी. दुसरा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दुबळा होतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झमधील मोठा भाग २०१८ मध्ये.

पूर्णगडातील एखादे जुने कौलारू घर डोळ्यांपुढे आणावे. भिंती जांभ्या चिऱ्यांच्या, जाड. पावसाळ्यात त्यांत ओल मुरलेली. पाणी हे तरंग शोषून घेते. राउटर ओटीवर आणि शिक्षकाचे टेबल माजघरापलीकडील खोलीत असेल, तर उत्तम यंत्रही निष्प्रभ ठरेल. यास्तव महाग यंत्र घेण्यापूर्वी असलेलेच यंत्र घराच्या मध्यभागी, उंचावर, लोखंडी कपाटापासून दूर ठेवून पाहावे. तरीही एक खोली वंचित राहिली, तर तेथवर तार नेऊन दुसरा लहान राउटर बसवावा. अशी तार १०० मीटरपर्यंत चालते आणि भिंतीची तिला अडचण नसते.

२. निवड करताना

खरेदीपूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात.

(अ) फायबर जोडणीसोबत आलेले यंत्र बहुधा पुरवठादाराच्या मालकीचे असते. त्यास हात लावू नये. त्याच्या तारेच्या खाचेत स्वतःचा राउटर जोडावा.

(आ) दोन्ही पट्टे असावेत. संरक्षणासाठी डब्ल्यूपीए-२ ही किमान पद्धत होय. २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-३ असल्यास उत्तम.

(इ) जोडणीचा वेग १०० मेगाबिटपेक्षा अधिक असेल, तर तारेच्या खाचा गिगाबिटच्या असाव्यात. अन्यथा पैसे देऊन घेतलेला वेग यंत्रातच अडेल.

(ई) निर्माता किती वर्षे सुधारणा पुरविणार, हे विचारावे. सुधारणा थांबल्या की सापडलेला दोष तसाच राहतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेला संकेतशब्द मालकांनी बदलला नव्हता, एवढेच तिला पुरेसे झाले.

३. पर्यायी फर्मवेअर म्हणजे काय?

राउटर हा एक छोटा संगणकच होय. त्यास चालविणाऱ्या, आतच साठविलेल्या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. निर्मात्याचे फर्मवेअर काढून दुसरे घालता येते, या गोष्टीमागे एक बोधप्रद इतिहास आहे.

लिंक्सिस कंपनीचा ‘डब्ल्यूआरटी५४जी’ हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्याचे फर्मवेअर लिनक्सवर आधारलेले आहे, हे २००३ मध्ये जाणकारांनी ओळखले. लिनक्सच्या परवान्याची अट अशी की, जो ती आज्ञावली सुधारून दुसऱ्यास देईल त्याने तिचा मूळ मजकूरही द्यावा. त्यानुसार कंपनीला तो खुला करावा लागला. त्याच पायावर २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला, आणि तो आजही अनेक कंपन्यांच्या यंत्रांसाठी सुधारणा देत आहे.

याच यंत्राने आणखी एक धडा दिला. २००५ मधील त्याच्या पाचव्या आवृत्तीत नाव व रूप तेच राहिले. परंतु साठवण ४ मेगाबाइटवरून २ वर आणि स्मृती १६ मेगाबाइटवरून ८ वर आली. लिनक्स काढून टाकण्यात आले. केवळ नाव पाहून खरेदी करणारे फसले. म्हणून यंत्राच्या तळाशी चिकटविलेल्या पट्टीवरील आवृत्तीचा क्रमांक वाचल्याशिवाय यंत्र घेऊ नये. आजच्या ओपनडब्ल्यूआरटीसाठी किमान १६ मेगाबाइट साठवण व १२८ मेगाबाइट स्मृती असावी. नेमकी आवृत्ती प्रकल्पाच्या यादीत आहे की नाही, हे आधी पाहावे.

४. कोणी करावे व कसे करावे?

निर्मात्याच्या सुधारणा नियमित येत असतील आणि काम अडत नसेल, तर फर्मवेअर बदलण्याची गरज नाही. सुधारणा बंद पडल्या आहेत, पण यंत्र सुस्थितीत आहे, अशा वेळी मात्र हा उपाय विचारार्ह ठरतो. तो करताना निर्मात्याची हमी संपुष्टात येऊ शकते. शाळेच्या किंवा पुरवठादाराच्या यंत्रावर हा प्रयोग करू नये.

कामाचा क्रम असा ठेवावा. जुन्या मांडणीची नोंद कागदावर घ्यावी. यंत्र बिघडल्यास पूर्ववत कसे करावयाचे, ती माहिती आधीच उतरवून घ्यावी. कारण इंटरनेट बंद पडल्यावर ती शोधता येणार नाही. उतरविलेल्या फाइलचा पडताळा-अंक जुळवून पाहावा. संगणक राउटरला तारेने जोडावा. फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेली, तर यंत्र निकामी होऊ शकते. म्हणून कोकणातील पावसाळी संध्याकाळ या कामास वर्ज्य समजावी, अथवा बॅटरीचा आधार घ्यावा. नवे फर्मवेअर सुरू होताच प्रथम संकेतशब्द घालावा, देश म्हणून भारत निवडावा, आणि मगच बिनतारी भाग चालू करावा.

५. वर्गातील उपयोग

या विषयातून पूर्णांकांचा उत्तम पाठ होतो. भ्रमणध्वनीवरील मोजणीच्या ॲपमध्ये संकेताची शक्ती ऋण संख्येत दिसते. राउटरजवळ ती –४० च्या आसपास, दूरच्या खोलीत –८० पर्यंत असते. मुलांनी खोलीनिहाय आकडे तक्त्यात मांडावेत व कोणती संख्या मोठी ते सांगावे. ‘–४० हे –८० पेक्षा मोठे’ हे वाक्य पाठ करण्यापेक्षा घरात फिरून पाहिलेले अधिक काळ स्मरणात राहते. वरच्या वर्गांना पुढे सांगावे, की दर १० अंकांच्या घसरणीत शक्ती एकदशांश उरते. म्हणजे –५० वरून –७० वर येताना ती शंभरावा भाग होते.

शिक्षकाने या यंत्रात पारंगत व्हावे, अशी अपेक्षा नाही. परंतु आपल्या घरातील राउटरची आवृत्ती कोणती, त्याची शेवटची सुधारणा केव्हा झाली आणि त्याचा संकेतशब्द आपण बदलला आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाजवळ असावीत. ती नसतील, तर आजच राउटर उलटा करून तळाची पट्टी वाचावी. अभ्यासाचा आरंभ तेथूनच होतो.